मेंदूचा कालवा

पाटबंधारे खात्यातून कालव्यांचे साहेब म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या कॉलेज रोडवरच्या शेजाऱ्यांना जगातला प्रत्येक प्रश्न शेवटी पाण्याचाच वाटे. कुणाची सून रुसली तरी ते म्हणत, “उतार चुकलाय.”

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या मुलीला ऑटिझम होता. ती बोलत नसे. मेंदूच्या स्कॅनमध्ये एका भागात रक्त कमी पोचताना दिसलं. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, तिच्याशी खेळत-बोलत राहा.

मुलीच्या आईने दाखवायला आणलेली स्कॅनची फिल्म साहेबांनी खिडकीशी धरली. “अगं, हे टेलचं गाव! कालव्याच्या टोकाला पाणी पोचेना, तर उतार द्यायचा. रोज दहा मिनिटं शीर्षासन.” आणि सतरंजी घालून त्यांनी स्वतःच मुलीचे पाय वर धरले. ती किंचाळली.

“रडू दे, रक्त उतरतंय.”

मी चहाचा कप धरून नुसता बघत होतो. आईने मुलीला हिसकावून कडेवर घेतलं.

“काका, माहेरी देवळ्याला आमचं शेत कालव्याच्या टेललाच आहे. तुमच्यासारखे साहेब दरवर्षी उतार मोजून गेले, पाणी काही आलं नाही. कांद्याच्या रोपाला पाणी माझ्या आईनं डोक्यावरून आणलं.”