आत्याची राणी

फिनेलचा वास आला की मला प्लेगच्या सालातलं कल्याणचं आमचं अंगण आठवतं. नवरात्रात माझी विधवा आत्या पदर खोचून, मुसळ उगारून आम्हा मुलींना गड लढवणाऱ्या राणीची गोष्ट सांगायची आणि आम्ही तिची फौज व्हायचो. त्या वर्षी ऐन नवरात्रात तिच्या काखेत गाठ आली. तिला प्लेगच्या रोग्यांच्या छावणीत न्यायला शिपाई दारात आले, तेव्हा वडील नुसते हात जोडून उभे राहिले. मी रडत म्हटलं, "आत्या, राणीसारखी लढ ना." माझ्यापासून लांब सरकत ती म्हणाली, "अगं, राणीला शत्रू दिसत तरी होता." मग कोणाचाही हात न धरता ती डोलीत बसली. ती परत आली नाही. आज मी तिच्याहून वयाने मोठी आहे.