घरी जायचे कपडे

बोंडअळीची ती वर्षं होती. कापूस माणसाच्या डोक्याबरोबर वाढायचा, आणि पाठीवर पंप घेऊन त्यात शिरलेल्या माणसाच्या तोंडावरच औषध उडायचं. सप्टेंबर लागला की आमच्या वॉर्डात फवारणीचे मजूर येऊ लागत. घामाने निथळत, तोंडातून लाळ गळत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स होते. आल्या आल्या त्यांचे औषधाने भिजलेले कपडे काढायचे, पिशवीत बांधून टाकून द्यायचे, साबणाने अंग धुवायचं, इंजेक्शन सुरू करायचं, आणि मग दर पंधरा मिनिटांनी टॉर्च मारून बाहुल्या बघत राहायचं. हे सगळं माझे हात करत होते. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

असं होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. माझी मोठी बहीण वणीला होती. तिच्या किडन्या गेल्या तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीने तीन दिवस उपास केला होता. ती उठणार, ती उठलीच आहे, असं लोक हात वर करून म्हणत होते. मीही म्हणत होते. ती गेली. तिला आंघोळ मीच घातली, केस मीच विंचरले. घरी आल्यावर मला भूक लागली आणि मी पोटभर जेवले. त्यानंतर आत काहीतरी झोपून गेलं ते तसंच राहिलं.

प्रार्थना मात्र सोडली नाही. आमच्या घरात आजोबांपासून सगळे ख्रिस्ती, प्रार्थना म्हणजे दात घासण्यासारखी सवय. शुक्रवारी दुपारी बायकांची सभा असायची. ड्युटी सकाळची असली की मी जायची. माझी पाळी आली की मी म्हणे, "प्रभू, तुझी इच्छा असेल तर आजाऱ्यांना बरं कर. तुला योग्य वाटलं तर आमच्या वॉर्डातल्या लोकांना घरी जाऊ दे. पण नसेल, तर ते सोसायची शक्ती दे." सभेत सगळ्यांना ते आवडायचं. किती नम्र प्रार्थना करते, असं एकदोघींनी बोलूनही दाखवलं.

देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागे दोन खोल्यांत एक निवृत्त मेट्रन राहत. नर्सिंगला मी त्यांच्याच हाताखाली शिकले होते. आम्ही सगळ्या त्यांना बाई म्हणत असू. एका शुक्रवारी सभा संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं, चहा ठेवला आणि गॅसकडे बघतच विचारलं, "तू किती दिवसांत देवाकडं काही मागितलं नाहीस?"

"आत्ताच तर मागितलं, बाई."

"मी ऐकलं ते. नाही मिळालं तर काय करायचं, तेवढं तू सांगितलंस. मिळालं तर काय, ते तुझ्या तोंडून आलंच नाही."

मी म्हटलं, "प्रभू येशूनंसुद्धा क्रुसावर जायच्या आधी देवबापाच्या इच्छेवरच सोडलं होतं ना."

"सोडलं. पण आधी मागितलं. घाम गाळून मागितलं. तू मागणं गाळून थेट शेवटाशी येतेस." त्यांनी चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला. "तुला भीती वाटते. बहिणीच्या वेळी लागलं ते पुन्हा लागू नये म्हणून तू आधीच नकार धरून चालतेस."

मी खरं ते सांगितलं. "भीतीही वाटत नाही, बाई. मला काहीच वाटत नाही."

"मग वाटायची वाट नको बघू. एक आठवडा कर. जर आणि तर काढून टाक. सरळ माग. आणि मागितलंस की त्यापुढचं एखादं काम करून ठेव. माणूस घरी जाणार असं समजून जे करशील ते."

मी चहा पिऊन निघाले. करून बघू, एवढंच डोक्यात होतं. बाईंनी सांगितलं की करायचं, ही माझी जुनी सवय.

सोमवारी वॉर्डात फवारणीची दोन माणसं होती. दोघंही रविवारी आलेली. खिडकीजवळचा नेरकडचा, उंचापुरा, चाळिशीचा. त्याला काहीच दिसत नव्हतं. समोरच्या खाटेवर मुकुटबनकडचा, त्याच्याहून लहान, बारीक अंगाचा. दोघांच्या बायका खाटांच्या मध्ये एकाच चटईवर बसल्या होत्या.

नेरची बाई मला म्हणाली, "सिस्टर, तुमी येशूले मानता म्हन्तेत. याइच्यासाठी काही म्हना नं."

एरवी मी बरं म्हणून पुढे गेले असते आणि मनातल्या मनात म्हटलं असतं. त्या दिवशी मी खाटेजवळ उभी राहिले. डोळे मिटले. "प्रभू, या माणसाला दिसू दे. याला चालत घरी जाऊ दे." मग समोर वळले आणि दुसऱ्यासाठी तसंच म्हटलं. माझा आवाज केसपेपर वाचावा तसा होता. मुकुटबनची बाई पदर सावरून ऐकत होती. मी आमेन म्हटल्यावर तिने विचारलं, "झालं?"

"झालं," मी म्हटलं. आणि मग बाईंचं सांगणं आठवून बोलले, "दोघीही घरून यांचे कपडे मागवून घ्या. घरी जाताना घालायचे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आदल्या दिवशी त्यांच्यासमोरच मी नवऱ्यांचे कपडे पिशवीत बांधले होते, आणि पिशवीचं काय करणार हे त्यांनी विचारलंही नव्हतं.

"कोनते मागवू?" मुकुटबनच्या बाईने विचारलं.

"चांगले. बाहेर जायचे."

नेरचे कपडे त्याच दिवशी कोणीतरी आणून दिले. मुकुटबनहून एसटीने यायला दुसरा दिवस उजाडला. पांढरा पायजमा आणि निळ्या रेघांचा शर्ट, इस्त्रीच्या घड्या तशाच. तिने ते खाटेशेजारच्या लोखंडी कपाटात ठेवले आणि नवऱ्याला सांगितलं, "लग्नातला शर्ट आनवला." इंजेक्शनांमुळे त्याच्या तोंडाला कोरड पडली होती, जीभ नीट वळत नव्हती. तो हसल्यासारखा दिसला.

मी रोज तसंच मागत राहिले. मला आत काही जाणवलं असं म्हणता येणार नाही. फरक पडला तो एवढाच की मी बघायला लागले. आधी टॉर्च मारायची तेव्हा काय बिघडलं ते शोधायची. आता मागितलेलं आलं का ते शोधत होते. मंगळवारी मी नेरवाल्यासमोर बोटं धरली. तो बराच वेळ बघत राहिला.

"तीन हायेत का?" तो म्हणाला.

तीनच होती. त्याच्या बायकोने स्वतःची बोटंही त्याच्यासमोर धरली आणि पुन्हा पुन्हा विचारत बसली. मी पेपरवर नोंद केली.

मुकुटबनवालाही सुधारत होता. बुधवारी त्याने पेज घेतली. संध्याकाळी ड्युटी संपवून निघताना ती दोघं हळूहळू काहीतरी बोलत होती.

गुरुवारी सकाळी मी त्याला रोजच्यासारखं म्हटलं, "मान उचला बरं." त्याने प्रयत्न केला. डोकं उशीवरून हललं नाही. या विषात असं होतं. माणूस बरा होतोय असं वाटत असतानाच मानेचे स्नायू जातात आणि मागोमाग श्वास. मी डॉक्टरांना बोलावलं. तासाभरात त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. मी त्याच्या पायाशी उभी राहून मागितलं, या वेळीही जर न लावता. शुक्रवारी दुपारी बारा वाजता तो गेला.

तिने कपाटातून कपडे काढले आणि माझ्यासमोर धरले. "हेच घालू ना, सिस्टर?"

मी हो म्हटलं. शवविच्छेदन झाल्यावर तिच्या दिराने आणि वॉर्डबॉयने त्याला ते घातले. शर्टाची बटणं मी लावली.

त्या दुपारी मी सभेला गेले नाही. सभा संपल्यावर बाईंकडे गेले आणि दारातच म्हटलं, "तुमचं ऐकून मी तिला कपडे मागवायला लावले. ते प्रेताला घातले."

बाईंनी मला आत घेतलं. मला खुर्ची दिली. मग त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही तशाच बसून राहिलो. त्यांचा हात गार होता, एवढं मला कळत होतं.

शनिवारी नेरवाला घरी गेला. चौकड्यांचा शर्ट घालून, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, पण स्वतःच्या पायांनी. बायकोने विचारलं, याइले तिखट कवापासून देऊ. मी सांगितलं. ती गेली. मी चादर बदलली.

तीन आठवड्यांनी मुकुटबनची बाई कुठल्याशा कागदावर सही घ्यायला दवाखान्यात आली. मी तिला व्हरांड्यात पाहिलं आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दाराने जायला वळले. तिने हाक मारली.

"सिस्टर, थांबा नं."

मी थांबले. तिने रागवावं असं मला वाटत होतं. मीच म्हटलं, "मी तुम्हाला उगाच आशा लावली. चुकलं माझं."

"काहून चुकलं?" ती म्हणाली. "तुमी कपडे मांगवाले सांगतले तवा मी पयल्यांदा जेवली. त्याच्या आधी मी नुसती रडत होती अन् थे माह्याकडं पाहत होते. मंग आमी बोललो. मंगळवारी बोललो, बुधवारी बोललो. घरामागं पेरू लावाचा म्हनत होते. कुठी लावाचा, थे बी सांगतलं." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. "थे दोन दिवस नसते भेटले तर माह्यापाशी काय राह्यलं असतं?"

मी तिला कँटीनमध्ये नेलं. आम्ही चहा घेतला. पेरू लावला का, मी विचारलं. ती म्हणाली, रोप पाहून ठेवलं आहे, पाऊस थांबला की लावणार. तिची एसटी दोनची होती. मी तिला गेटपर्यंत सोडलं आणि परत वॉर्डात आले. औषधांची वेळ झाली होती, तरी मी स्टुलावर बसले. सोबतच्या सिस्टरने विचारलं, जेवली नाहीस का. बऱ्याच दिवसांनी माझ्या आत काहीतरी झालं होतं, आणि त्याला काय म्हणायचं ते मला कळेना.

पुढच्या शुक्रवारी मी सभेला गेले. वॉर्डातल्या तिघांसाठी मागितलं, खाटेखाटेने, प्रत्येकाला काय हवं ते सांगून. एकाला लघवी व्हावी, एकाचा ताप उतरावा, एकीला झोप लागावी. ही प्रार्थना कोणाला फारशी आवडली नसावी. आमेन जरा उशिरा आलं. बाईंनी मात्र मोठ्याने म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात बाई मोरीत पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्या वयात आता उठणं कठीण, असं डॉक्टरांचं मत होतं. मी रोज त्यांना पुसून घ्यायला जात असे. एकदा त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी काय मागतेस?"

"तुम्ही चालत देवळात जावं म्हणून."

"जर?"

"नाही," मी म्हटलं. आणि त्याच आठवड्यात मी त्यांच्यासाठी वॉकर आणून पलंगाशी ठेवला.

ऑक्टोबरच्या एका रविवारी त्या गेल्या. मागच्या दारापासून देवळाच्या शेवटच्या बाकापर्यंत, वॉकर पुढे सरकवत. इतका वेळ लागला की पहिलं गीत संपलं. मी मागून चालत होते, पडल्या तर धरायला दोन्ही हात पुढे करून. बाकावर टेकल्यावर त्यांनी श्वास घेतला, वर पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तो पंखा कमी कर. मानेवर वारा येतोय." मी उठून पंखा कमी केला. बटणाजवळ उभी असताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते येऊ दिलं.