दरी डावीकडे, आप्पाकाका उजवीकडे

आमच्या चौलच्या आळीतल्या म्हाताऱ्यांबरोबर एक दिवस काढा, किस्से शोधावे लागत नाहीत. वाडीतल्या सुपारीसारखे आपोआप डोक्यावर पडतात! यंदा जानेवारीत ही सगळी वरात माथेरानच्या छोट्या गाडीने निघाली. शंभर वर्षांहून जुनी गाडी, आणि आत तिच्याहून जुने विचार.

मी इंजिनिअरिंग सोडलं त्याला दोन वर्षं झाली. मांडव्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. पण आळीत बाबा सांगतात, "थर्ड इयरला हाय. बोटींचं काम म्हणजे इंटर्नशिप!" निघतानाच त्यांनी दम भरला, "आज कुणाला कळलं तर मला आळीत तोंड दाखवायला जागा न्हाय."

"मग तुम्हीच सांगून टाका. मी खोटं बोलणार नाही."

"तू बोलूच नको!"

*

नेरळला चांगलंच ऊन चढलेलं. आप्पाकाका म्हणजे आळीत सगळ्यांत वडील, रिटायर्ड हेडमास्तर. बाबांनाही त्यांनीच शिकवलंय, छडीने. माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर, आणि घामाच्या धारा!

"काका, थंडी कुठाय?"

"वर हाय."

"मग वर गेल्यावर घाला की!"

"आणि वाटेत बाधली तर?"

*

याच आप्पाकाकांनी दोन तास आधी येऊन उजवीकडच्या खिडक्या धरलेल्या. रुमाल, पिशव्या, एका सीटवर तर स्वतःची चप्पल! "दरी उजवीकडं असते. चाळीस वर्षांपूर्वी बघून ठेवलीय."

डावीकडे एक पुण्याचं कुटुंब बसलं. गाडी सुटली, पहिलं वळण आलं आणि दरी गेली डावीकडे. अख्खी आळी पुणेकरांच्या अंगावर! पुढच्या वळणाला दरी परत उजवीकडे. परत धावाधाव. तिसऱ्या वळणाला आप्पाकाका एकटेच जागेवर बसून राहिले, समोरच्या काळ्या खडकाकडे बघत.

"काका, दरी इकडे आहे!"

"येईल. ती चुकलीय, मी न्हाय."

*

जुम्मापट्टी स्टेशनात गाडी थांबली. आप्पाकाकांना माझी परीक्षा घ्यायची हुक्की आली. "काय रे इंजिनिअर, हे इंजिन कसं चालतं ते सांग."

बाबांनी डोळे मिटले. मला त्या इंजिनाचा नट न् नट सांगता आला असता. पण बोलूच नको म्हणालेत ना? मी एकच शब्द टाकला, "डिझेलवर."

"बघा!" आप्पाकाका डब्याला म्हणाले, "शिक्षण दिसतं माणसाचं!"

*

पुढे एकुलता एक बोगदा लागतो. त्याचं नाव 'वन किस टनेल'. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, वय पंच्याहत्तर, विचारायला लागली, "बोगद्याचं नाव काय रं?"

सगळे खोकायला लागले. आप्पाकाका म्हणाले, "कुठल्यातरी इंग्रज साहेबाचं हाय." बाबा म्हणाले, "नंबर हाय नुसता." मोठ्या माणसांना खोटं बोलायला किती कमी वेळ लागतो! शेवटी मीच सांगितलं, अर्थासकट.

तेवढ्यात अंधार झाला आणि लगेच उजेड पडला. बोगदा संपलासुद्धा!

आत्या हिरमुसली. "एवढ्यात काय व्हतंय?"

*

वर वर गेलं की एका कड्यावर भलामोठा गणपती दिसतो. तो दिसल्याबरोबर आप्पाकाकांनी माकडटोपी काढली आणि चालत्या गाडीतच गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडची पद्धत अशी, की वडीलधाऱ्याने देवाला एकेक मागणं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं. काय सांगितलं ते ऐकायची सक्ती नाही.

"महाराजा, समद्यांच्या सुपारीला चांगला भाव मिळू दे!"

"व्हय महाराजा!"

"बाळूच्या बहिणीचा गुडघा बरा होऊ दे!"

"व्हय महाराजा!"

"आणि ह्या बाळूचा पोरगा पुढच्या साली इंजिनिअर होऊ दे!"

"व्हय महाराजा!"

मग माझ्या शेजारून बाबा एकदम उठले. खिडकीचा गज धरला, हात जोडता येईना म्हणून एकच हात छातीवर ठेवला. आवाज फाटलेला.

"महाराजा, पोरानं कॉलेज सोडलंय! दोन वर्षं झाली! मीच सगळ्यांना खोटं सांगत आलो!"

आणि अख्खा डबा, पुणेकरांसकट, एका सुरात गरजला,

"व्हय महाराजा!"