संत्र्यानंतरची सुई

“मावशीची सुई मी तं घेनार नाई बाप्पा,” माझ्यामागे कुणीतरी पुटपुटलं आणि दोघीतिघी हसल्या. वर्ध्याच्या नर्सिंग शाळेतला तो इंजेक्शनचा तास होता. आठवडाभर आम्ही संत्र्यांवर सराव केला होता. खोलीत स्पिरिटचा आणि संत्र्याच्या सालीचा मिसळलेला वास भरून राहिला होता. आता काचेच्या सिरिंजा उकळून ठेवलेल्या असत आणि कालपासून आम्ही एकमेकींच्या दंडाला मीठपाण्याचं इंजेक्शन देत होतो. आम्ही सगळ्या सतरा-अठराच्या. वर्गात एकटी तीच पस्तिशीची, म्हणून सगळ्या तिला मावशी म्हणत; नवरा गेल्यावर दोन पोरं सिंदीला आईकडे ठेवून शिकायला आलेली. संत्र्यावर तिचा हात अगदी स्थिर असायचा. कालपासून माणसासमोर मात्र तो कापत होता. “संत्रं ओरडत नाई ना, सिस्टर,” ती म्हणाली. शिकवणाऱ्या सिस्टर हसल्या नाहीत. आज जमलं नाही तर तिला घरी पाठवणार, हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. “कोण दंड देतंय?” मुली खाली बघत राहिल्या. मीही. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून मला ‘मॅडम’ म्हणत. महिनाभरात मी आपणहून कुणाशी बोलले नव्हते, आणि सुईची भीती मलाही होतीच. मावशीने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि पदराला हात पुसले. अजूनही संत्रं सोलताना माझा हात डाव्या दंडाकडे जातो. मी बाही वर सरकवली आणि मावशीला म्हणाले, “ताई, मला द्या.”