दहावी सही

अभ्यासक्रमाची पुस्तिका ही वाचायची वस्तू असते, असं मानणारा उभ्या पुणे शहरात एकच माणूस होऊन गेला असावा, आणि तो नेमका माझ्या वाट्याला लॅब पार्टनर म्हणून आला. आम्ही बाकीचे सगळे ती पुस्तिका परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, कोणती प्रकरणं सोडता येतील ते पाहायला उघडत असू. हा ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, हातात पेन्सिल घेऊन वाचायचा. दुसऱ्या वर्षाला असताना त्यानं विद्यापीठाला पत्र लिहून कळवलं होतं की अमुक पानावर एक स्वल्पविराम राहिल्यामुळे दोन वेगळे विषय एकच झाले आहेत. विद्यापीठाचं उत्तर आलं नाही; पण पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत तो स्वल्पविराम आला. तेव्हा त्यानं मला चहा पाजला. मला वाटतं, चार वर्षांतला तो एकमेव चहा.

तो मूळचा पुण्याचा, पेठेतला. मी वर्ध्याहून आलेला, बिबवेवाडीत एका खोलीत तिघांबरोबर राहणारा. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "आपण कुठले?" मी म्हटलं, "वर्ध्याचा." त्या क्षणापासून माझं नाव 'वर्धा' झालं. वर्गातल्या सगळ्यांना तो गावाच्या नावानंच हाक मारायचा आणि सगळ्यांना 'अहो' म्हणायचा. "अहो नगर, आपला बाण चुकीच्या चौकोनाकडे जातो आहे." "अहो हडपसर, आपण माझ्या वहीवर बसला आहात." एकोणीस वर्षांच्या मुलाकडून 'अहो' ऐकून पहिले काही दिवस आम्ही मागे वळून कुणी सर आलेत का ते पाहायचो.

त्या काळात लॅबमध्ये दोघांत एक कॉम्प्युटर असे. बाकीच्या जोड्यांत त्याच्यासमोर बसण्यावरून भांडणं होत. आमच्यात कधी झालं नाही, कारण हा त्याला हातच लावत नसे. आधी सगळा प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, मग स्वतःच यंत्र होऊन तो कागदावर चालवायचा. "आता याची किंमत तीन झाली. आता चार. आता बाहेर पडायचं," असं पुटपुटत पेन्सिल खाली सरकायची. मी शेजारी बसून टाइप करायचा. एकदा त्याचं उत्तर एक आलं आणि कॉम्प्युटरचं दुसरंच. मी म्हटलं, "चुकलं बे तुझं." तो शांतपणे म्हणाला, "यंत्राला परत विचारा." परत विचारलं, परत तेच. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, कीबोर्डाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आठाचं बटण दोनदा दाबलं जातंय. यंत्राचा दोष नाही, त्याला ८८ सांगितलं तर ते ८८च समजणार." खरंच ते बटण चिकटलं होतं. फ्लॉप्या तो आईच्या चकलीच्या जुन्या डब्यात ठेवायचा आणि वर एक डांबरगोळी टाकायचा. त्याच्या फ्लॉपीतला प्रोग्रॅम उघडला की लॅबभर गोधडीचा वास पसरे.

तर अशा माणसावर शेवटच्या वर्षी ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली.

ते दिवस इंटरनेटच्या लाटेचे होते. ज्याला त्याला अमेरिका दिसत होती. नोटीस बोर्डावर चार विषयांची यादी लागली आणि पहिल्या तासातच अख्ख्या वर्गानं ई-कॉमर्स घ्यायचं ठरवून टाकलं. मीही. माझे वडील एसटीत कंडक्टर. त्यांना मी एसटीडी बूथवरून फोन केला तेव्हा ते म्हणाले, "ते ई-कॉमर्स का काय म्हणतेत ना बापू, तेच घे. आमच्या डेपोतल्या सायबाचा पोरगा तेच शिकून अमेरिकेत गेला म्हंते." 

यादीत सगळ्यात खाली 'प्रगत कंपायलर' असा एक विषय होता. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो प्रोग्रॅम असतो, तो कंपायलर. तो कसा रचायचा, हा विषय. शिकवणार होत्या आमच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या मॅडम. गेली तीन वर्षं तो यादीत येत होता आणि किमान दहा विद्यार्थी मिळाले नाहीत म्हणून गळत होता. पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त होणार होत्या. माझा लॅब पार्टनर या विषयाची वाट दुसऱ्या वर्षापासून पाहत होता. ऑफिसात शनिवारी पाचच्या आत दहा सह्या दिल्या तर विषय सुरू होणार, नाहीतर यालाही आमच्याबरोबर ई-कॉमर्सच्या बाकावर बसावं लागणार.

दुसरा कुणी असता तर त्यानं कॅन्टीनमध्ये वडे चारून सह्या गोळा केल्या असत्या. यानं बोर्डावर सुवाच्य अक्षरात कागद लावला : 'प्रगत कंपायलर हा विषय अवघड आहे. तो घेतल्यानं नोकरी मिळेल असा कोणताही दावा नाही. केवळ गुणांसाठी इच्छुक असलेल्यांनी चौकशी करू नये. चौकशीची वेळ : दुपारी १ ते १.३०, डबा खाताना.' संध्याकाळपर्यंत त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'मग घ्यायचा कशाला?' दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली याचं उत्तर : 'योग्य प्रश्न. एक वाजता यावे.'

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी नगरच्या दोघी मैत्रिणी गंमत पाहायला आल्या. यानं डब्याच्या झाकणावर पोळी, भाजी आणि लोणचं वेगवेगळं मांडलं आणि एक वाक्य कर्ता, कर्म, क्रियापद असं फोडून यंत्राला कसं समजवायचं ते पोळीचे तुकडे करत सांगू लागला. दीड वाजला, पावणेदोन वाजले. तास बुडाला, त्याची पोळी वाळून कडक झाली, आणि त्या दोघींनी सह्या केल्या. हडपसरचा एक मुलगा संध्याकाळी त्याच्याच बसमध्ये असायचा, कारण हा आठवड्यातून तीन दिवस तिकडे मावशीकडे जायचा. त्या बिचाऱ्यानं बुधवारी बसमध्ये उभ्याउभ्याच सही केली. "घेतो बाबा तुझा विषय," तो म्हणाला, "पण गाडीतळाचा स्टॉप येईस्तोवर गप बसशील का? डोकं दुखतंय, हाय का नाय?" गुरुवारपर्यंत नऊ सह्या झाल्या आणि शुक्रवारी आठच उरल्या. एकजण बोलता बोलता म्हणाला होता की निवृत्तीच्या वर्षी मॅडम सढळ हातानं मार्क देतील म्हणून आपण आलो. यानं त्याच्यासमोर पट्टी ठेवून, नीट रेघ मारून त्याची सही खोडली. "चुकीच्या कारणानं आलेली सही मला चालणार नाही." तो मुलगा महिनाभर ही गोष्ट सगळ्या कॉलेजला सांगत होता.

शनिवारी दुपारी आणखी एक सही मिळून परत नऊ झाल्या. स्वतःची धरून. या सगळ्या आठवड्यात त्यानं मला एकदाही विचारलं नव्हतं. आधी मला बरं वाटलं, मग थोडं लागलं, आणि शनिवारी तर रागच आला. तीन वर्षं याच्या शेजारी बसून टाइप करतोय, डांबरगोळीचा वास सोसतोय, आणि बसमधल्या माणसाला विचारतो, मला नाही? साडेचारला मी लॅबमध्ये गेलो. तो एकटाच बसला होता. समोर कोरा कागद होता आणि पेन्सिल कानावर.

"मला काऊन नाही विचारलंस?" मी म्हटलं.

त्यानं समोरचा कोरा कागद सरळ केला. मग म्हणाला, "आपल्याला विचारलं असतं तर आपण माझ्याकडे पाहून हो म्हणाला असतात. वर्ष आपलं, वडिलांशी बोलावं आपल्याला लागणार, आणि विषय मात्र माझा. असं करू नये."

"आणि दहावी सही नाही मिळाली तर?"

"तर मी ई-कॉमर्स घेईन. त्यातही नापास होणार नाही." त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "मॅडमनी पहिल्या तासाच्या नोट्स काढून ठेवल्यात. काल मला दाखवल्या. त्यांना जाऊन सांगावं लागेल, एवढंच."

या माणसाचा आवाज बसलेला मी पहिल्यांदा ऐकला. खरं सांगायचं तर मी मैत्रीखातरच सही करणार होतो. पण तसं म्हटलं असतं तर यानं पट्टी काढली असती. म्हणून मी आठवडाभर लांबून ऐकलेलं आठवलं आणि म्हणालो, "माझा एक प्रश्न आहे. मी 'मले जाचं हाय' म्हणतो, तू 'मला जायचं आहे' म्हणतोस. माणसाला दोन्ही समजतं. यंत्राला दोन्ही समजेल असं काही करता येतं का?"

त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग कानावरची पेन्सिल काढून कोऱ्या कागदावर झाडासारखी एक आकृती काढू लागला. अर्धी आकृती झाल्यावर थांबला. "येईल करता. पण सोपं नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "हे कारण चालेल."

आम्ही ऑफिसकडे अक्षरशः पळालो. क्लार्क खिडकी लावून घेत होते. "पाच वाजायला सात मिनिटं आहेत," हा धापा टाकत म्हणाला. "तेवढी मला पिशवी भरायला लागतात," क्लार्क म्हणाले. मग कागद पाहून म्हणाले, "दहावी सही पेन्सिलीनं केलीय. चालणार नाही." माझ्याकडे पेन नव्हतं, याच्याकडे पेन कधीच नसायचं. शेवटी क्लार्कनीच खिशातलं पेन काढलं आणि टोपण स्वतःच्या हातात ठेवून ते आम्हाला दिलं.

आता एवढं सगळं केल्यावर मी त्या विषयात चमकलो असेन असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. मी जेमतेम पास झालो. वडिलांना मी दोन महिने सांगितलंच नाही, सांगितलं तेव्हा ते फोनवर एवढंच म्हणाले, "तुले समजते ना? मग झालं." पण मॅडम शेवटच्या तासाला शिकवता शिकवता थांबल्या, फळ्याकडे पाठ करून आम्हा दहाजणांकडे पाहत राहिल्या आणि खडू न ठेवताच बाहेर गेल्या, तेव्हा मी तिथे होतो. आम्ही पास होऊन बाहेर पडलो आणि ती लाट ओसरली. कंपन्यांनी नोकरीची दिलेली पत्रं परत घेतली. ई-कॉमर्सवाले आणि कंपायलरवाले, सगळेच वर्षभर सारखेच घरी बसलो. मला पुढे हडपसरला नोकरी लागली. मुलाखतीत दोन्हींतलं काहीच कुणी विचारलं नाही.

तो मात्र कंपायलरच लिहीत राहिला, गेली वीसहून जास्त वर्षं, एकाच कंपनीत. मॅनेजर व्हायला त्यानं दोनदा नकार दिला असं ऐकलं. कात्रजला राहतो, आईबरोबर. मधे आमचं भेटणं फार कमी झालं. मी माणसं सांभाळायच्या कामात गेलो. प्रोग्रॅम लिहून किती वर्षं झाली ते आठवत नाही.

गेल्या महिन्यात मुलीला घेऊन त्याच्याकडे गेलो. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यादीत आता चार नाही, वीस विषय असतात, आणि घरात आठवडाभर त्यावरून वाद चालला होता. त्यानं आम्हाला जेवायलाच बसवलं. माझ्या मुलीलाही तो 'आपण' म्हणाला. ती हसू दाबत होती. तिनं फोनवरची यादी पुढे केली. त्यानं ती सगळी वाचली, पण मत काही दिलं नाही. फक्त विचारलं, "गेल्या काही दिवसांत कशाच्या नादात आपण जेवायचं विसरलात?"

तिनं हातातला घास ताटात ठेवला. मग एकदम बोलायलाच लागली. असं काही ती करत असते हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. तिच्या ताटातला भात निवत चालला होता, आणि तो मान पुढे काढून ऐकत होता, मधेच "थांबा, हे परत सांगा" म्हणत होता.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि आपण?"

"मी वेळेवर जेवतो," मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलंय."

मुलगी हसली. तो हसला नाही. "बरं," म्हणाला, आणि त्यानं माझ्या वाटीत आणखी एक पळी आमटी वाढली.