क्रिप्टो पेटीचं झाकण

"झाकण खोल," साहेब म्हणाले.

"नाही खोलणार," मी म्हणालो.

खांडेनवमीची दुपार. कॉम्प्युटर सेंटरमधल्या मेनफ्रेमची सगळी कपाटं उघडून पुसली होती, आतून हळदकुंकू लावलं होतं. उरली होती क्रिप्टो पेटी. नागपूरची माहिती टेलिफोन लाइनवरून मुंबईच्या मुख्य ऑफिसला जायची. त्याआधी ही पेटी तिचा असा काला करायची, की मधे कुणी चोरून ऐकलं तरी काही कळू नये. त्यासाठी पेटीत किल्ली असे, म्हणजे आकड्यांची लांब ओळ. अर्धी ओळ मला ठाऊक, अर्धी माझ्या जोडीला काम करणाऱ्या मेश्रामबाईंना. एकमेकांना सांगायची नाही. झाकण उचललं की आतला स्विच किल्ली पुसून टाकी. ही सोय चोरांसाठी होती. साहेब आणि चोर यांतला फरक स्विचला कळत नसे.

"पूजेले काहून आडवा येऊन राहिला गा?" म्हणत साहेबांनी स्वतःच पेचकस लावला. हळदीचं बोट आत गेलं. लाल दिवा लागला. लाइन बंद.

"टाक किल्ली."

"माझी अर्धी टाकतो. बाई रजेवर आहेत."

"फोनवर विचारून घे त्यायले."

"नाही विचारणार."

"बदली करीन तुही."

"करा. तरी विचारणार नाही."

शेवटी बाईंना आणायला जीप गावातच, इंदोरा वस्तीत गेली. दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीवर जायला आलेल्या पाहुण्यांनी बाईंचं घर भरलं होतं. त्या कणकेच्या हातांनीच आल्या. "तिकडं तोंड करा दोघंबी," म्हणाल्या. मी आणि साहेब मुकाट भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. बाईंनी आपली अर्धी किल्ली टाकली. लाइन सुरू झाली.

लगेच साहेबांनी पेटी का बंद पडली ते लिहायचं रजिस्टर पुढे केलं. दुसऱ्या हातात माझ्या बदलीचा टाइप केलेला कागद. जीप परत येईतो त्यांनी तेवढं काम उरकलं होतं.

"पेटीची बॅटरी गेली म्हणून किल्ली पुसली असं लिही. हा फाडून टाकतो."

मी लिहिलं, 'पूजेसाठी साहेबांनी झाकण उघडले.' सही केली. रजिस्टरवर दोघांच्याही सह्या लागत. बाईंनी वाचलं, 'मना केले असताना' एवढी भर घातली आणि सही ठोकली.

"दोघायचीबी बदली करू काय?"

"करा ना साहेब," बाई म्हणाल्या. "मुंबईवाले कारण विचारतीन. रजिस्टर आहेच."

साहेबांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. तो पुन्हा बाहेर आला नाही.

किल्ली दोघांत का वाटतात, असं लोक मला अजून विचारतात. मी सांगतो, एकट्या माणसाला दटावणं फार सोपं असतं.