दाढी केलेला भोपळा

आमची फिरती नाटक कंपनी बेलेन गावात बुडाली. बाकीचे पांगले, मी इथेच राहिले. म्हणून आन्सेल्मो न्हाव्याचं लग्न ठरताना मला पहिल्या रांगेत जागा मिळाली.

आन्सेल्मो मोठा हौशी माणूस. आमच्या राजाच्या दाढीपासून राक्षसाच्या जटांपर्यंत सगळं त्यानं फुकट विंचरून दिलं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि लोकरीचे पोंचो विणणाऱ्या विधवा रोसेंदाबाईंवर त्याचा जीव जडलाय, हे दुकानातल्या आरशालासुद्धा ठाऊक होतं. अखेर त्यानं विचारलं. रोसेंदाबाईंनी माग न थांबवता सांगितलं, रविवारी भरला भोपळा भाजा. भट्टीतून ताटापर्यंत अख्खा आला, तर लग्नाचं बोलू. त्यांच्या आईनंही जावयाला असंच पारखलं होतं म्हणे.

आन्सेल्मोच्या छपरावर भोपळे वाळत पडले होते. लांब मानेच्यात सारण मावेना, हिरवा पट्टेदार एकट्यालाही पुरेना. मग त्यानं शिशाच्या रंगाचा, चांगला थोराड निवडला. इथवर सगळं ठीक होतं. पण चामखिळींनी भरलेलं असं गिऱ्हाईक समोर बसल्यावर न्हाव्याचा हात गप्प कसा राहील? त्यानं वस्तरा परजला आणि भोपळा तासून गुळगुळीत केला. अशी रंगभूषा मी जन्मात पाहिली नव्हती.

आतून दूध-साखर चोळून त्यानं मांस, मका, बटाटे आणि सुके पीच भरले, वर टोपण बसवलं. रविवारी रोसेंदाबाईंच्या अंगणातल्या भट्टीतून भोपळा बाहेर आला तो नव्या नवरदेवासारखा चकाकत. आन्सेल्मो दिमाखात टेबलाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत भोपळ्यानं मान टाकली. रस्सा थेट बुटांत. कुत्र्याची चंगळ झाली.

रोसेंदाबाईंनी पाव बुडवून चव घेतली, मान डोलावली. मग सालीचा तुकडा उचलून निरखला.

"अहो, याची दाढी कुणी केली?"

"मीच. जरा नीटनेटका दिसावा म्हणून."

"भोपळ्याला सालीचाच काय तो आधार. तोच तासलात, मग राहील कसा उभा?"

आन्सेल्मो टोपी चढवून निघाला, तशा त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी भोपळा मी निवडते. तुम्ही लाकडं फोडा. आणि वस्तरा घरी ठेवून या."

त्या रविवारी त्या स्वतः शिडीनं आन्सेल्मोच्या छपरावर चढल्या. देठ सुकलेला, नख रुतणार नाही असा, सगळ्यांत कुरूप भोपळा त्यांनी खाली आणला. इथे मेमध्ये थंडी पडते; त्या गारठ्यातही आन्सेल्मो घामाघूम होऊन भट्टी पेटवत होता.

भोपळा टेबलावर अख्खा आला. टोपण उचललं, वाफ निघाली.

"हं, बोला आता," रोसेंदाबाई म्हणाल्या.

आन्सेल्मोच्या तोंडून शब्द फुटेना. विसरभोळ्या नायकांना विंगेतून वाक्यं पुरवण्यात माझा जन्म गेला. मी मागून पुटपुटले, "माझ्याशी लग्न कराल का?"

रोसेंदाबाईंनी वळूनही पाहिलं नाही. आन्सेल्मोच्या ताटात सारण वाढता वाढता म्हणाल्या, "करीन की. पण मागच्या बाईंशी नाही. यांनी विचारलं, तर."

मग त्यानं विचारलं.